ब्लेंडरमध्ये प्रशिक्षणाची कार्टून: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑनलाइन प्रशिक्षणासाठी दोन-तीन मिनिटांची कार्टून करायची असतील आणि तीच पात्रं धड्यामागून धड्यात येणार असतील, तर ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमधलं ग्रीस पेन्सिल, म्हणजे हातानं टूडी चित्रं काढून हलवायचं साधन, खुशाल घ्या. वर्गणी नाही, वॉटरमार्क नाही, फाइल कायम आपल्याकडे. एखादाच सुटा व्हिडिओ हवा असेल तर मात्र नादी लागू नका, कारण पात्राची हाडं (हातपाय हलवण्यासाठीचा आतला सांगाडा) बसवण्यातच बराच वेळ जातो. हा अनुभव ४.३ आवृत्तीचा. नोव्हेंबर २०२४ च्या या आवृत्तीत ग्रीस पेन्सिल नव्यानं लिहिलं गेलं, त्यामुळे जुनी ट्युटोरियल बघताना जपून.

खरी बचत लिंक करण्यात आहे. प्रत्येक पात्राची फाइल वेगळी ठेवा. धड्यात ते अपेंड (म्हणजे कॉपी) करू नका, लिंक (म्हणजे मूळ फाइलशी जोडून) करून लायब्ररी ओव्हरराइड करा, म्हणजे जोडलेलं पात्र धड्यात हलवता येतं. सुपरवायझरच्या हेल्मेटचा रंग बदलायचा झाला की मूळ फाइलमध्ये एकदाच बदलायचा. नवी फाइल ‘टूडी अ‍ॅनिमेशन’ टेम्प्लेटवरूनच उघडा. जनरल टेम्प्लेटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दिसावेत याची सेटिंग) एजीएक्स असतो आणि सपाट रंग मळकट दिसतात. तिथे तो स्टँडर्ड करावा लागतो.

सर्वात जास्त वेळ ओठांना लागतो. आवाज आधी रेकॉर्ड करून पक्का करा, मगच अ‍ॅनिमेशन. ऱ्हुबार्ब लिप सिंक हे मोफत साधन आवाजावरून तोंडाचे आकार आणि त्यांच्या वेळा काढून देतं: मूळ सहा, वाढीव धरून नऊ. त्याला वेव्ह किंवा ऑग फाइलच चालते. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधून बदलून घ्या. ऱ्हुबार्बचा नेहमीचा रेकग्नायझर (आवाज ओळखणारा भाग) इंग्रजीसाठी आहे, मराठीला ‘फोनेटिक’ निवडा.

नऊ आकार तोंडाच्या लेयरवर नऊ फ्रेमवर काढा आणि टाइम ऑफसेट मॉडिफायर ‘फिक्स्ड फ्रेम’वर ठेवा, म्हणजे सांगितलेल्या फ्रेमवरचंच चित्र दिसतं. मग त्याच्या फ्रेमच्या आकड्याला ऱ्हुबार्बच्या वेळांप्रमाणे की (कोणत्या क्षणी कोणता आकडा, याची नोंद) द्या. मॉडिफायरला लेयर नेमून दिला नाही, तर त्या ऑब्जेक्टमधलं बाकीचं चित्रही गोठतं. सगळ्या की निवडून टी दाबा आणि इंटरपोलेशन (एका कीवरून दुसरीवर जायची पद्धत) कॉन्स्टंट करा. नाहीतर १ वरून ५ वर जाताना मधले २, ३, ४ आकारही चमकून जातात आणि पात्र काहीतरी चघळतंय असं वाटतं.

एवढं करूनही हातानं तपासणं सुटत नाही. ‘पंप बंद करा’ हे वाक्य घ्या. ओठ सुरुवातीच्या ‘प’ला मिटतात, मग ‘म्प-ब’ला सलग मिटलेले राहतात. प, ब, म चा मिटलेला आकार किमान दोन फ्रेम टिकला पाहिजे. तो हुकला की बघणाऱ्याला लगेच खटकतं. बाकीच्या आकारांत थोडं इकडेतिकडे झालेलं खपून जातं. तपासताना प्लेबॅक ‘सिंक टू ऑडिओ’वर ठेवा. ‘प्ले एव्हरी फ्रेम’वर संगणक धीमा पडला की आवाज पुढे जातो आणि बरोबर असलेले ओठही चुकीचे वाटतात.

मराठी मजकुराच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर अजून कच्चं आहे, आणि याचं वाईट वाटतं. टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं हलंत होऊन तुटतात. फॉन्ट बदलून उपयोग नाही. देवनागरीची अक्षरजुळणीच होत नाही. सूचनेच्या पाट्या इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी काढा आणि व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये (ब्लेंडरमधला व्हिडिओ जोडायचा भाग) अ‍ॅनिमेशनच्या वरच्या चॅनेलवर ठेवा. यात एक फायदाही आहे: ग्राहकानं एखादा शब्द बदलला तर चित्र पुन्हा रेंडर करावं लागत नाही.

रेंडर (तयार चित्रं बाहेर काढणं) थेट एमपी४ मध्ये करू नका. २४ फ्रेमच्या वेगानं एका मिनिटाच्या १,४४० फ्रेम होतात. मध्येच वीज गेली तर सगळं पहिल्यापासून. पीएनजीची मालिका काढली तर उरलेल्या फ्रेमपासून पुढे चालू करता येतं. मग सिक्वेन्सरमधून एच.२६४ व्हिडिओ करा आणि ऑडिओ कोडेक (आवाज साठवायची पद्धत) आठवणीनं एएसी निवडा. तिथे आधीपासून ‘नो ऑडिओ’ असतं, आणि मुका व्हिडिओ मूडल या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या व्यासपीठावर चढवल्यावरच ते लक्षात येतं.