५६००जीचा घरचा पीसी: उन्हाळा ते दिवाळी, आणि कॅबिनेटला लागणारा करंट

आधी निकाल सांगते. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क आणि ४५० वॉटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), असं जमवून घेतलेलं मशीन छान चाललंय. यांचं टॅली आणि जीएसटी, मुलीचं कॉलेज आणि माझ्या गाण्याच्या क्लासचं रेकॉर्डिंग, सगळं त्यावरच होतं. तरीही पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल आहे: भिंतीतल्या तिसऱ्या वायरीबद्दल, म्हणजे अर्थिंगबद्दल. पार्ट निवडताना चार जणांना विचारलं, दहा व्हिडिओ पाहिले, आणि ती वायर कुणाच्याही यादीत नव्हती.

निवडीबद्दल थोडक्यात. जुना चौथ्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ घेत नव्हता आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार होते. मार्चअखेरची यांची कामं आटोपल्यावर आम्ही इंदूरचा सिल्व्हर मॉल, म्हणजे कॉम्प्युटरचा बाजार, गाठला. दुकानदाराचा आग्रह महागातल्या बी५५० बोर्डाचा आणि ६५० वॉटच्या एसएमपीएसचा होता. ५६००जी स्वतःच पीसीआयई (कार्ड आणि डिस्क जोडायचा रस्ता) ३.० च्या पुढे जात नाही, मग बोर्डाच्या ४.० साठी जास्त पैसे का मोजायचे? प्रोसेसर ६५ वॉटचा, ग्राफिक कार्ड नाही, तेव्हा ६५० वॉटही नको म्हटलं. रॅम मात्र १६ ची एक न घेता ८ च्या दोन घेतल्या. या प्रोसेसरचं ग्राफिक रॅममधूनच चालतं, दोन काड्या असल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. घरी आणल्यावर ३२०० वेगाची रॅम २४०० वर चालत होती, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केल्यावर ताळ्यावर आली. तुमचीही टास्क मॅनेजरमध्ये बघून घ्या, बांधून देणारे बहुतेक वेळा हे करत नाहीत.

कंजूषी सगळीकडे केली, फक्त एसएमपीएसमध्ये केली नाही. जुन्या मशीनमधल्या लोकल डब्यावर ४५० वॉट छापलेलं होतं, पण लेबलावर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर. गुणाकार केला तर दोनशे वॉटही भरत नाहीत. नव्यावर १२ व्होल्टला ३६ अँपिअर लिहिलेत, म्हणजे ४३२ वॉट एकट्या १२ व्होल्टवर. हातात घेतलं तरी वजनातला फरक कळतो. तीन हजारांच्या आसपास गेले आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आणि मग करंट लागायला लागला.

पहिल्यांदा लक्षात आलं ते लादी पुसल्यावर. पाय अनवाणी, लादी ओली, हेडफोन लावायला मागे हात घातला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक मुंग्या धावल्या. रंग दिलेल्या पत्र्याला काही जाणवायचं नाही. मागचे उघडे स्क्रू, यूएसबीची कड, एचडीएमआयचं चकचकीत तोंड, या तीन जागी हमखास. बोटाच्या टोकाला कमी, हाताच्या मागच्या पातळ कातडीला जास्त. टेस्टर लावला तर आतला लाल दिवा मंद पेटायचा. चप्पल घातली की मुंग्या बंद. शिवाय माइकवर रेकॉर्ड केलं की तंबोऱ्याखाली सतत एक घूंऽऽ. क्लासच्या मुलींना रियाजासाठी पाठवलेल्या प्रत्येक फाइलमध्ये तो आवाज होता, आणि माझ्या दृष्टीने मुंग्यांपेक्षा तो जास्त त्रासाचा होता.

दुकानात फोन केला. "भाभीजी, एसएमपीएस में लीकेज होगा, बदल देते हैं." वॉरंटीत बदलून आला, कुरिअरचे पैसे आमच्याकडून घेतले. नव्यालाही तेच. मग म्हणाले मदरबोर्ड शॉर्ट असेल, मशीन ठेवून जा. ठेवलं. परत आणायला गेले तर त्यांच्या टेबलावर चालू मशीनच्या त्याच स्क्रूला मी हात लावला, टेस्टर लावला, काही नाही. "देखिए, आपका वहम है." वहम कसा, टेस्टरलाही वहम होतो का, असं मी त्यांना तिथेच विचारलं. उत्तर आलं नाही. पण तिथेच गाठ सुटली: मशीन तेच, दुकानात करंट नाही, रामबागेतल्या आमच्या घरी आहे. मग दोष घरात.

घरी त्यांनी पाठवलेला माणूस आला तेव्हा त्याने जो उपाय सुचवला, त्याच्यावरून मी खरी चिडले. सॉकेट उघडलं, अर्थची जागा रिकामी होती. तो म्हणाला न्यूट्रलमधून एक छोटी तार अर्थच्या खुंटीला जोडून देतो, करंट लगेच बंद. बंद होईल हे खरं आहे. पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली, सैल झाली, तर मशीनमधून फिरून आलेले पूर्ण २३० व्होल्ट त्याच तारेने कॅबिनेटवर येतील. मुंग्यांच्या जागी जीवघेणा झटका. मी त्याला तार लावू दिली नाही. कुणी तुमच्याकडे अशी तार जोडून देत असेल तर कृपा करून जोडू देऊ नका. आणि जुन्या घरात राहत असाल तर कुणी ती आधीच जोडून ठेवलेली नाही ना, हे वीज बंद करून जाणकाराकडून उघडून बघा.

यांच्या ओळखीचे बिजलीवाले काका आले, त्यांनी मल्टिमीटर काढला आणि पाच मिनिटांत सगळं दाखवलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, ठीक. फेज आणि अर्थच्या भोकात खरं तर तेवढेच यायला हवेत, तर आकडा नुसता नाचत होता. कॅबिनेटच्या स्क्रूपासून मोरीतल्या लोखंडी नळापर्यंत ११० च्या वरखाली. घर जुनं, वायरिंग दोन तारांचं, पुढे कधीतरी कुणी तीन भोकांचे सॉकेट बसवले आणि तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलं नाही. दिसायला सगळं नवं.

११० का, तेही काकांनी समजावलं आणि मी नंतर वाचूनही घेतलं. चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारं फिल्टर असतं. त्यात दोन छोटे कपॅसिटर: एक फेजकडून बॉडीला, दुसरा न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ असेल तर त्यांच्यातून येणारा जरासा प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लोंबकळत राहते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर. प्रवाह मिलिअँपिअरच्या काही दशांशांचा, म्हणून मुंग्यांवर भागतं. रेकॉर्डिंगमधला घूं आवाज याचाच भाऊ, कारण तोच ५० हर्ट्झ केबलच्या जाळीतून माइकच्या साउंडमध्ये शिरतो.

आठ वर्षं वापरलेल्या जुन्या मशीनला कधी करंट का लागला नाही, हा प्रश्नही आता सुटला. लोकल डब्यात खर्च वाचवायला ते फिल्टरच बहुतेकदा वगळलेलं असतं. काकांनी जुना उघडला तेव्हा बोर्डावर त्या कपॅसिटरच्या नावाची जागा छापलेली होती, भोकं होती, पार्ट नव्हते. त्यामुळे ज्याला "करंट मारतो म्हणून खराब" समजून परत पाठवलं, तो पहिला एसएमपीएस शंभर टक्के चांगला होता. दुकानदाराला हे माहीत असायला हवं होतं. रोज मशीन बांधणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न "घरात अर्थिंग आहे का" हा विचारायला हवा, वॉटचा नंतर.

अर्थिंगचं काम मे महिन्यात केलं. मागच्या अंगणात खड्डा, अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. आपल्या माळव्याची काळी माती ओली असली की अर्थिंगला फार चांगली, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि माती पाइपला सोडते. त्यामुळे एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत अधूनमधून बादलीभर पाणी घालायला काकांनी बजावलंय. महारानी रोडवरून हिरवी वायर आणली, ती कॉम्प्युटर, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या सॉकेटपर्यंत नेली. मेनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवली. स्पाइकगार्डसुद्धा तोपर्यंत अर्धवटच कामाचा होता. त्याचं बरंचसं काम विजेचा जादा झटका अर्थमध्ये ढकलायचं, आणि ढकलायला जागाच नव्हती.

काम झाल्यावर मीटर पुन्हा लावला. फेज-अर्थ २३० च्या जवळ, न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्टच्या आत. टेस्टर स्क्रूला लावला तर अंधार. माइक चालू करून, कुणाला बोलू न देता, मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड केली आणि हेडफोनवर ऐकली. फक्त पंख्याची हवा, आणि लांबून रस्त्यावरच्या गाड्या. त्या दिवशी मी पहाटेच्या रियाजाची भैरवची फाइल पुन्हा रेकॉर्ड करून सगळ्या मुलींना पाठवली.

पैसे? सगळं मिळून सात हजारांच्या घरात. हे पैसे ग्राफिक कार्डासाठी बाजूला ठेवले होते. घेताना ठरलं होतं की दिवाळीत कार्ड टाकू. दिवाळी झाली, कार्डाची गरज कुणालाच वाटली नाही. मुलीचं ड्रॉइंग या मशीनच्या स्वतःच्या ग्राफिकवर अडकत नाही, माझं ऑडिओ तर नाहीच. म्हणून कार्डाचं मत मी बदललंय: घरकामाला मशीन घेत असाल तर "पुढे कार्ड टाकू" या भरवशावर आज मोठा एसएमपीएस किंवा महाग बोर्ड घेऊ नका. ४५० वॉट आमच्याकडे अजूनही बराचसा रिकामाच बसलाय.

बाकीचं पटापट. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये तो व्होल्टेज बरंच खाली जाईपर्यंत बॅटरीवर येत नाही आणि बदलायलाही जास्त वेळ घेतो, मशीन रीस्टार्ट होतं. बटण फिरवल्यापासून लाइट गेली तरी यांचं टॅली हललेलं नाही. काचेचं कॅबिनेट मला नको होतं, मुलीच्या हट्टाने आलं. पण पुढच्या जाळीला चुंबकाची धूळगाळणी आहे, ती ओढून काढायची, झटकायची, लावायची, हे काम इतकं सोपं आहे की काच माफ. जुनी एक टीबीची हार्ड डिस्क आत बसवली, रेकॉर्डिंगचा साठा तिच्यावर. कॅबिनेटला टेकून ठेवलेला स्पीकर तिच्या घरघरीने थरथरायचा, तो टेबलावर घेतला.

प्रोसेसर डबाबंद घ्या, सुटा घेऊ नका. डबाबंदला तीन वर्षांची वॉरंटी आणि सोबत पंखा मिळतो. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. आमच्या पहिल्या बिलावर नुसतं "कॉम्प्युटर सेट" लिहिलं होतं, ते मी परत करून पार्टवार बिल मागितलं, तेव्हाच एसएमपीएस वॉरंटीत गेला.

तक्रार उरली ती त्या डब्यातल्या पंख्याची. मे महिन्यात दुपारी तो वर चढला की त्याचा आवाज माइकमध्ये यायचा. बायोसमध्ये त्याची चढण हळू केली, माइक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला, बरंच कमी झालं. थंडीत तर ऐकूच येत नाही. मुलगी म्हणते मोठा कूलर घे. मी पुढच्या एप्रिलपर्यंत थांबणार आहे. तेव्हा दुपारच्या क्लासच्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा ऐकू आला तरच घेईन. दुकानाकडे कुरिअरचे पैसे मागायचे आहेत, तेही त्याच फेरीत मागेन.