मोसमी फुलं की सक्युलंट? कोल्हापुरातल्या घरासाठी काय घ्यावं

नवीन घर लावलं, पडदे लागले, सोफा आला, की टीव्ही युनिटवरची आणि डायनिंग टेबलवरची रिकामी जागा डोळ्यात भरायला लागते. मग घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणतंय दर आठवड्याला ताजी फुलं आणूया, घर कसं प्रसन्न वाटतंय, आणि दुसरी म्हणतंय कशाला ते सुकणारं काम, चार सक्युलंट, म्हणजे जाड मांसल पानांत पाणी साठवणारी झाडं, आणून ठेवू, पाणीसुद्धा रोज घालायला नको. दोघांचंही बरोबर असतंय, पण दोघांनी आपल्या घरातला उजेड आणि आपल्या गावातला पाऊस धरलेला नसतो. मला दोन्ही मनापासून आवडतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय, तुम्ही ठरवा.

सगळ्यात आधी उजेड, बाकी सगळं नंतर. सक्युलंटला दिवसाला चार-सहा तास चांगला लख्ख उजेड लागतोय, त्याशिवाय ते जगतं पण दिसायला वाईट होतं. नर्सरीतून आणलेला गुलाबाच्या फुलासारखा गच्च एचेव्हेरिया अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला की महिन्या-दोन महिन्यांत मान लांब करून खिडकीकडे वळतो, पानं विरळ होतात, रंग उडतो, आणि एकदा लांबलेलं खोड परत आखूड होत नाही. शेंडा कापून पुन्हा लावायचा एवढाच उपाय. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या गल्लीत घराला घर लागून असतंय, हॉलमध्ये दुपारी बारालासुद्धा लाइट लावायला लागतो, तिथं सक्युलंटचा हट्ट धरू नका, तिथं फुलंच. फुलदाणीतल्या फुलाला ऊन नकोच असतं, उलट सावलीत आणि गारव्यात ते जास्त टिकतं. त्याउलट नागाळा पार्क, ताराबाई पार्क किंवा कळंब्याकडच्या फ्लॅटमध्ये पूर्वेची बाल्कनी असेल तर सकाळचं कोवळं ऊन सक्युलंटला एक नंबर. पश्चिमेच्या काचेजवळ मात्र एप्रिल-मे मध्ये पानांवर भाजल्यासारखे डाग पडतात, तिथं पातळ पडदा तरी लावा. उजेड मापायची साधी युक्ती सांगतो, दुपारी त्या जागेवर हात धरा, हाताची सावली धारदार पडली तर एचेव्हेरिया, सेडम, जेड काहीही ठेवा, सावली पुसट पडली तर फक्त हावर्थिया नाहीतर स्नेक प्लांट, आणि सावली पडतच नसेल तर फुलदाणी आणा.

आता पावसाचं. ही गोष्ट ऑनलाइन बघून झाडं मागवणाऱ्यांना कुणी सांगत नाही. एचेव्हेरिया मूळचा मुख्यतः मेक्सिकोकडचा, हावर्थिया आणि जेड दक्षिण आफ्रिकेतले, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर गगनबावड्याकडून ढग येतात ते हलत नाहीत, धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या दमट हवेत कुंडीतली मातीसुद्धा वाळत नाही आणि झाड मुळापासून कुजतं. वरनं ठणठणीत दिसतं, एक दिवस हात लावला की अख्खं झाड हातात येतं. म्हणून पावसाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा, ते पण माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी, आणि कुंडी पत्र्याखाली किंवा खिडकीच्या आत. उन्हाळ्यात सात-दहा दिवसांनी, थंडीत पंधरा दिवसांनी पुरतंय. पाणी द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून येईपर्यंत भरपूर द्यायचं, चमचा-चमचा रोज देणं हा सक्युलंट मारायचा खात्रीचा रस्ता आहे. खालची पानं सुरकुतली तर तहान, पानं पारदर्शक होऊन पिचपिचीत झाली तर पाणी जास्त. एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं.

मातीचंही तेच. आपली काळी माती ऊसाला सोनं आहे पण सक्युलंटला विष, कारण ती पाणी धरून ठेवते. निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू, विटांचा चुरा किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) असं मिश्रण करा. कुंडी भोक असलेली आणि शक्यतो मातीचीच घ्या, तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. काचेच्या बंद बरणीत सक्युलंट लावलेलं फोटोत लई भारी दिसतंय पण आतली वाफ कुठं जाणार, ते काही महिन्यांचंच असतंय. काचेत नेचे, मॉस ठेवा, ते खुश राहतात.

फुलांकडं येऊ, कारण इथं कोल्हापूरकरांची खरी चैन आहे. अंबाबाईच्या देवळाच्या आसपास आणि महाद्वार रोडला सकाळी लवकर गेलं की ओली ताजी फुलं मिळतात, आणि शिरोळ तालुक्यात कोंडिग्र्याकडं पॉलिहाउसमधली गुलाब-जरबेराची शेती आहे, म्हणजे लांबनं फ्रीजमधनं आलेला माल घ्यायची वेळ आपल्यावर कमीच येते. शिवाय वर्षभर फुलांचा आपला एक क्रम आहे, तो धरून घर सजवलं की महाग फुलांची गरजच पडत नाही. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला दवणा येतो, त्याच्या चार काड्या पितळी तांब्यात उभ्या केल्या की खोलीभर वास, आणि वाळल्यावरही वास राहतो. उन्हाळ्यात मोगरा, तो फुलदाणीत नाही तर पसरट वाटीत. पावसाळ्यात सोनचाफा, निशिगंध, आणि भाद्रपदात गौरीबरोबर तेरडा. आपल्याकडं गौरी-शंकरोबाच्या वेळी तेरड्याची रोपं घरात येतातच, त्यातल्या उरलेल्या दोन-चार फांद्या पाण्यात ठेवल्या तरी कोपरा उठून दिसतो. नवरात्र-दसऱ्याला झेंडू, दिवाळीनंतर शेवंती, अष्टर, आणि थंडीत ग्लॅडिओलसचे उंच दांडे. भाव सणाला आणि लग्नसराईत चढतात, पितृपंधरवड्यात उतरतात, त्यामुळं ज्यांना फुलांची सवय लावून घ्यायची आहे त्यांनी त्या पंधरवड्यात सुरुवात करावी. चांगली फुलं स्वस्तात हाताखालनं जातात आणि रचना शिकताना जीव हळहळत नाही.

टिकण्याचा हिशोब असा. शेवंती दहा-बारा दिवस आरामात जाते, फुलाआधी तिची पानंच पिवळी पडतात, ती काढून टाकायची. जरबेरा आठवडाभर, पण त्याला फुलदाणीत दोन-तीन इंचच पाणी, जास्त पाण्यात त्याची मऊ दांडी कुजते आणि मान टाकते. निशिगंध खालून वर फुलत जातो, सुकलेली खालची फुलं रोज खुडली तर पाच-सहा दिवस शोभा राहते. झेंडू टिकतो पण त्याचं पाणी लवकर वास मारतं. जास्वंद तर पाण्यात ठेवा नाहीतर कोरडी ठेवा, एकच दिवस, त्यामुळं तिच्यासाठी फुलदाणी अडवू नका, देवापुढं किंवा टेबलावर नुसती मांडा. सगळ्यांना लागू पडणारी गोष्ट म्हणजे पाण्याखाली जाणारी पानं काढायची, दांडी तिरकी कापायची, पाणी रोज बदलायचं आणि बदलताना टोक पुन्हा अर्धा इंच कापायचं. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर, थोडा लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-तीन थेंब घातले तर फुलं जास्त दिवस जातात. नुसती साखर घालू नका, तिनं जंतूच वाढतात. आणि पिकलेल्या केळ्यांची फणी फुलदाणीशेजारी नको, पिकणाऱ्या फळातनं इथिलीन वायू सुटतो त्यानं फुलं लवकर माना टाकतात, कार्नेशन तर लगेच. डायनिंग टेबलवर हे हमखास घडतंय.

पैशाचं बोलूया. समजा आठवड्याला शंभर रुपयांची फुलं आणली तर वर्षाला 5200 रुपये झाले. तेवढ्यात चांगल्या नर्सरीतनं बऱ्यापैकी सक्युलंट आणि मातीच्या कुंड्या येतात, आणि ती वाढतात, एका पानापासून दुसरं रोप होतं. पान अलगद तोडायचं, दोन-तीन दिवस सावलीत त्याची जखम सुकू द्यायची आणि कोरड्या वाळूवर ठेवून द्यायचं. पानफुटी तर आपल्या आज्ज्यांच्या परसात असायची, तिच्या पानाच्या कडेला पिल्लं फुटतात ती लहान पोरांना दाखवायला झकास. म्हणजे लांबच्या हिशोबात सक्युलंट स्वस्त, पण पहिल्या पावसाळ्यात निम्मी गेली तर तो हिशोब राहत नाही, हेही धरा. आणि फुलं रोज पाच मिनिटं मागतात. जे घर सकाळी आठला कुलूप लावून एमआयडीसीला जातं आणि रात्री परततं तिथं फुलदाणीत चौथ्या दिवशी हिरवं पाणी दिसणार, त्यांनी सक्युलंट घ्यावं. घरात आई-आजी आहेत, रोज देवपूजेला फुलं येतातच, तिथं त्यातलीच दोन ओंजळी हॉलमध्ये आली तर वेगळा खर्च कसला.

खरेदी करताना सक्युलंटवर निळा-जांभळा रंग मारलेला असेल किंवा निवडुंगाच्या डोक्यावर कागदासारखं वाळकं फूल चिकटवलेलं असेल तर घेऊ नका, रंगानं पान झाकलं की झाडाला अन्न बनवता येत नाही. लाल-पिवळ्या गोळ्याचा मून कॅक्टस खरा असतो, पण त्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो दुसऱ्या हिरव्या निवडुंगावर कलम करून जगवलेला असतो आणि काही वर्षांनी जातोच. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, ते रोप घरात आणलं की शेजारच्या सगळ्या कुंड्या धरतो.

व्हॉट्सॲपवर फिरतंय की स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं, म्हणून बेडरूममध्ये ठेवा. ही झाडं रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत साठवतात हे खरं, पाणी वाचवण्यासाठीची ती त्यांची पद्धत आहे, पण ऑक्सिजन बनायला उजेडच लागतो, तो दिवसाच बनतो. बेडरूममध्ये छान दिसतंय म्हणून ठेवा, तेवढं कारण पुरेसं आहे.

घरात मांजर असेल तर लिलीची फुलं अजिबात आणू नका, खऱ्या लिलीचे परागकणसुद्धा चाटण्यात आले तर मांजराच्या किडन्या जातात. सक्युलंटमध्ये कलांचो आणि जेड मांजर-कुत्र्याला बाधतात, युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर माणसालाही त्रास होतो, हावर्थिया आणि एचेव्हेरिया बिनधास्त ठेवा. काटेरी झाड घरात नको असं घरातल्या थोरांचं म्हणणं असेल तर वाद नको, या दोघांना टोचणारे काटे नसतातच. आणि डासांचं लक्षात ठेवा, फुलदाणीतलं आणि कुंडीखालच्या ताटलीतलं साठलेलं पाणी दोन्ही सारखंच धोक्याचं, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

बुके आणि मोठ्या रचनेसाठी तो हिरवा स्पंज वापरतात तो प्लास्टिकचा प्रकार आहे, कुजत नाही, चुरा होऊन मातीत आणि पाण्यात जातो. त्याऐवजी पसरट घंगाळात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी गोळा करून ठेवा किंवा खालून गोटे भरा, दांड्या छान उभ्या राहतात. फुलं सुकली की दोरा-जर काढून निर्माल्य कुंडीतल्या खतात घाला, पंचगंगेत नको, तिला आधीच सोसायला पुष्कळ आहे.

रानातून काही उचलून आणू नका, हे मात्र हात जोडून सांगतो. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळ्याच्या शेवटी जी फुलं येतात ती फुलदाणीत काही तासही टिकत नाहीत, आणि शिवसुमनसारखी आपल्या सह्याद्रीतली मांसल पानांची दुर्मीळ वनस्पती कड्यावरच शोभते. असली झाडं बघायची हौस असेल तर शिवाजी विद्यापीठाची वनस्पती बाग आहे, तिथं जाऊन बघा.

दोन्ही हवंच असेल तर एक मार्ग आहे. सक्युलंटचा शेंडा कापून गुलाब-शेवंतीच्या रचनेत बसवायचा, तारेनं किंवा काडीनं, पाण्याशिवाय तो दोन-तीन आठवडे ताजा राहतो. फुलं सुकली की ती काढायची आणि शेंडा मातीत लावायचा, मुळं धरतो. गणपतीच्या आराशीला हे फार सुंदर दिसतं.

आणि आत्ता पावसाळा असेल तर झाडांची घाई करू नका, ऐन जुलैत आणलेलं नवीन रोप सावरायला वेळच मिळत नाही. दसऱ्यापर्यंत फुलं आणा, त्यात ह्या दिवसांत निवडही भरपूर असते. ऊन पडायला लागलं, हवा कोरडी झाली की दिवाळीच्या सुमारास दोन हावर्थिया आणि एक जेड घ्या, एवढ्यावरच सुरुवात करा, आणि पुढच्या पावसाळ्यातनं ती तिन्ही सुखरूप बाहेर आली की मग एचेव्हेरियाकडं वळा.