बर्डीवरचा लॅमिनेटेड टेन्स चार्ट: डावी बाजू ठेवा, उजवी झाका

बारा चौकटी, वर प्लास्टिक, टांगायला पट्टी. नागपुरात बर्डीवर आणि महालातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत हा तक्ता सहज मिळतो आणि स्पोकन इंग्लिशच्या क्लासच्या भिंतीवर हमखास दिसतो. इथे त्यातल्या दोनच चौकटी तपासल्या आहेत, सिंपल प्रेझेंट आणि प्रेझेंट कंटिन्युअस. इंटरव्ह्यूत माणूस अडकतो तो या दोनांत. पास्ट परफेक्ट कंटिन्युअसवाचून सहसा कुणाचं अडत नाही.

डावीकडची सूत्रं चोख आहेत. 'डझ' आलं की क्रियापदाचा 'एस' जातो, म्हणजे "डझ ही गो", "डझ ही गोज" नव्हे, हे ठळक छापलंय. स्पेलिंगची तळटीपही कामाची: 'मेक'ला आयएनजी लावताना ई गळतो, 'रन'चा एन दुप्पट होतो, 'लाय'मधल्या आय-ईचा वाय होतो. 'बिगिन'चा एन दुप्पट होतो पण 'ओपन'चा का नाही, ते मात्र सांगितलेलं नाही. कारण उच्चारात आहे. जोर शब्दाच्या शेवटच्या अवयवावर, म्हणजे सिलेबलवर, पडला तर अक्षर दुप्पट. 'बिगिन'मध्ये तो 'गिन'वर पडतो, 'ओपन'मध्ये 'ओ'वर.

गडबड आहे ती उजव्या, 'मराठी ओळख' नावाच्या रकान्यात. शेवटी 'तो, ते, तात' आलं की सिंपल, 'त आहे' आलं की कंटिन्युअस, 'ला आहे' आलं की प्रेझेंट परफेक्ट. आता "आजोबा खाटेवर बसले आहेत" हे वाक्य घ्या. तक्ता लावला की "हॅज सॅट" निघतं, पाहिजे "इज सिटिंग". मराठीच्या लेखी बसण्याची क्रिया उरकली, म्हणून 'बसले'. इंग्रजीचं लक्ष पुढे चालू असलेल्या स्थितीवर. झोपला आहे, उभा राहिला आहे, साडी नेसली आहे, या सगळ्यांची हीच गत: इज स्लीपिंग, इज स्टँडिंग, इज वेअरिंग. चित्राचं वर्णन करायला सांगितलं की तक्त्यावर विसंबलेला विद्यार्थी इथेच घसरतो.

दुसऱ्या बाजूने नुसता 'आहे' फसवतो. "मला माहीत आहे"चं "आय ॲम नोइंग", "माझ्याकडे गाडी आहे"चं "आय ॲम हॅविंग अ बाइक". त्यात नागपूरची फोडणी वेगळी. "काय करून राहिला बे?" हे खरं तर कंटिन्युअसचं स्वच्छ रूप, त्याचं "व्हॉट आर यू डूइंग" अगदी बरोबर बसतं, आणि या बाबतीत आपली बोली तक्त्यापेक्षा चांगली शिकवते. पण 'राहिलं' आपण समजणं, दिसणं, वाटणं यांनाही लावतो. "मले समजून राहिलं"मधून "आय ॲम अंडरस्टँडिंग" जन्मतं. नो, अंडरस्टँड, वॉन्ट, बिलाँग, ओन ही स्थितीची क्रियापदं; त्यांना आयएनजी सहसा लागत नाही.

तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात अशा क्रियापदांची यादी आहे, पण तिच्यात हॅव, थिंक, टेस्ट सरसकट कोंबलेत. ते चूक. सावजी रस्सा "टेस्ट्स स्पायसी", पण मीठ बघणारा आचारी "इज टेस्टिंग द रस्सा". गाडी "आय हॅव", चहा मात्र "वी आर हॅविंग टी". "आय थिंक सो" हे मत झालं. "आय ॲम थिंकिंग अबाउट इट" म्हणजे विचार अजून चालू आहे.

'पासून' असलेली वाक्यं तर या चौकटीत आणूच नका. "दोन वर्षांपासून मिहानमध्ये काम करतोय"चं "आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स" होत नाही. "आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर टू इयर्स" म्हणा.

उजवा रकाना कागदाच्या पट्टीने झाका आणि पट्टीवर दोन प्रश्न लिहा: हे नेहमीचं आहे का? की सध्यापुरतं चाललंय? मेट्रोची ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकातून खापरीला "रन्स"; तिचं पुढचं काम चालू आहे, म्हणून "दे आर एक्स्टेंडिंग इट". "तू काय करतोस?" मराठीत दोन्हीकडे खपतं, इंग्रजीत नाही. "व्हॉट डू यू डू?" विचारणाऱ्याला तुमचा कामधंदा हवा असतो. त्याला "आय ॲम सिटिंग हिअर" सांगून उपयोग नाही.

उद्याच्या गोष्टींना हीच दोन रूपं कधी वापरायची, त्याबद्दल तक्ता गप्प आहे. वेळापत्रकातलं असेल तर सिंपल, "द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो". स्वतः ठरवलेलं असेल तर कंटिन्युअस, "आय ॲम मीटिंग हिम टुमॉरो". आणि निरोप घेतानाचं "येतो मी" म्हणजे "आय कम" नव्हे, "आय ॲम लीव्हिंग".

परीक्षेत नुसता 'टेन्स बदला' असा प्रश्न सोडवायचा असेल तर तक्ता आहे तसा पुरतो. घेताना मॅट प्लास्टिकचा बघा. चकचकीत असला तर ट्यूबलाइटखाली मधल्या चौकटी दिसत नाहीत. दुरुस्त्या परमनंट मार्करने करा, साध्या पेनाची शाई त्या प्लास्टिकवर टिकत नाही.