साझरॅक १८: बाटली नको, पण एक पेग घ्याच

अमेरिकेत, केंटकीतल्या लुईव्हिलला मेन स्ट्रीटवरच्या एका बारमध्ये ‘साझरॅक १८’ ही व्हिस्की औंसाच्या मापाने मिळते हे कळल्यावर बाटलीचा नादच सोडला. बफेलो ट्रेस डिस्टिलरीची, राय या धान्याची ही अठरा वर्षं मुरलेली व्हिस्की त्यांच्या ‘अँटिक कलेक्शन’ या खास संचातली. वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या तोंडावर येते आणि दुकानाच्या फळीवर क्वचितच दिसते. इथे एका औंसाला जे मोजले, त्यात साध्या साझरॅक रायची अख्खी बाटली येते.

ती साधी रायही मुद्दाम शेजारी मागवली. दोन्ही केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या एकाच डिस्टिलरीतल्या, दोन्ही ४५ टक्क्यांच्या. त्यामुळे वयाने काय केलं ते स्पष्ट कळतं. साधी राय नाकाशी नेली की बडीशेप, पुदिना, लिंबाची साल, आणि जिभेवर चुरचुरीत तिखटपणा. फार छान व्हिस्की आहे ती. पण १८ वर्षांची ओठाला लावली आणि मी बोलायचा थांबलो. आधी जुनं लाकूड, मागून लवंग आणि दालचिनी, मग हळूहळू काळ्या मनुकांचा गोडवा. तिखटपणा आहेच, पण तो आता घशाकडे जाताना लागतो आणि बराच वेळ रेंगाळतो. दहा मिनिटांनी दोन थेंब पाणी घातलं, तर दबलेला पुदिना वर आला!

याचं मोल कळायला पिंपाकडे बघावं लागतं. स्कॉच जुन्या, वापरलेल्या पिंपांत निवांत मुरते. अमेरिकेत राय म्हणवून घ्यायचं तर पिंप कोरं आणि आतून जाळलेल्या ओकचंच लागतं. कोऱ्या लाकडाची चव व्हिस्कीत भराभर उतरते, त्यात केंटकीचा उन्हाळा. इतकी वर्षं ठेवलेली राय सहज कडूजहर होऊ शकते, आणि दरवर्षी पिंपातली थोडी हवेत उडून जाते ती वेगळीच. इथे लाकूड शेवटी किंचित तुरट लागतं, पण धान्याची चव त्याने मारलेली नाही. ही कमाल आहे.

जोरकस व्हिस्की आवडणाऱ्यांना ही जरा मवाळ वाटेल. त्यांनी याच कलेक्शनमधली, पाणी न घालता भरलेली ‘थॉमस हँडी’ घ्यावी. छापील किमतीच्या कितीतरी पट मोजून बाटली घ्यावी असं मात्र मी कुणालाच सांगणार नाही.

मागवायची तर जेवणाआधी मागवा, बार्बेक्यूनंतर यातलं निम्मं कळत नाही. आणि बर्फ नको, हे ऑर्डर देतानाच सांगा.