जुना पीएस२ घेताना : फॅट की स्लिम?

आधी टीव्हीखालच्या कप्प्याची उंची मोजून घ्या. जुना पीएस२, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २ हा गेम कन्सोल, घ्यायचाय म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. बहुतेकांना ते विचित्र वाटतं, कारण त्यांना ग्राफिक्सबद्दल ऐकायचं असतं. पण तीच केबल त्याच टीव्हीला लावली, तर समोरचं चित्र फॅटमधून (आधीचं जाड मॉडेल) येतंय की स्लिममधून (नंतरचं पातळ मॉडेल), हे निदान मला तरी ओळखता येत नाही. मला फरक जाणवला तो डिस्क आत कुठून जाते, यात.

माझ्याकडे दोन्ही आहेत. आधी आला स्लिम, २००४ साली निघालेल्या पहिल्या, म्हणजे मॉडेल क्रमांक ७०००० च्या मालिकेतला. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा फार आवडला होता. जाड वहीएवढा आकार, वजन किलोभरही नाही, आणि नेटवर्कचं पोर्ट आतच. आमच्या वन-बीएचकेमध्ये एवढीशी वस्तू म्हणजे वरदानच वाटलं. टीव्ही युनिटच्या कप्प्यात तो ठेवला आणि तिथून कटकट सुरू झाली.

स्लिमचं झाकण वर उघडतं. आमच्या कप्प्यात ते उघडायचं, पण उघडल्यावर हात आत घालून डिस्क मधल्या खुंटीवर ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायला जागा उरायची नाही. मग दर वेळी अख्खा कन्सोल बाहेर ओढायचा, डिस्क बदलायची, परत आत सरकवायचा. त्या ओढाओढीत मागची एव्ही पिन सैल व्हायची आणि टीव्हीवर चित्र थरथरायला लागायचं. म्हणजे पुन्हा वाकून मागे हात घाला. एकटा खेळत असाल तर हे चालून जातं, कारण एकच गेम महिनाभर आत असतो. आमच्याकडे रविवारी भाचेमंडळी जमायची. एकाला ‘क्रिकेट ०७’ हवं, अर्ध्या तासात दुसऱ्याला ‘टेकन ५’, जेवणानंतर कुणीतरी ‘सॅन अँड्रियास’ काढणार. दुपारभरात आठ-दहा वेळा तो कप्प्याबाहेर यायचा.

कन्सोलवर काही ठेवायचीही सोय नाही. आईने एकदा नीटनेटकं दिसावं म्हणून सेट-टॉप बॉक्स त्याच्यावर ठेवला, तिच्या दृष्टीने अगदी योग्य जागा होती ती. झाकण उघडलं की लेन्स समोर उघडी पडते, ही आणखी एक काळजी. लहान मुलांना त्या चमकणाऱ्या काचेला बोट लावायचा मोह होतोच. आणि वजन कमी असण्याचा जो फायदा मला वाटला होता, तो वायरच्या कंट्रोलरपुढे उलटला. धाकट्या भाच्याचा पाय वायरीत अडकला आणि डिस्क फिरत असतानाच कन्सोल कप्प्यातून खाली आला. कन्सोल वाचला. डिस्कवर मात्र गोल चरा उठला, आणि तो गेम पुढे कधी लोड झाला नाही.

त्यानंतर मी सेकंडहँड फॅट शोधायला लागलो.

फॅटमध्ये ५०००० मालिका मिळाली तर तीच घ्या, असं माझं मत आहे. आधीच्या ३०००० आणि ३९००० मालिकांपेक्षा तिचा पंखा शांत चालतो आणि रिमोटचा रिसीव्हर आतच असतो. आयलिंकचं (कन्सोल एकमेकांना जोडायचं) पोर्ट त्यात काढून टाकलंय, पण मला ते आजवर कधी लागलं नाही. महत्त्वाचं म्हणजे ट्रे समोरून बाहेर येतो. बटण दाबा, डिस्क ठेवा, बटण दाबा. कन्सोल जागचा हलत नाही, वर सेट-टॉप बॉक्स सुखाने बसतो, आणि वायर ओढली गेली तर निघतो तो कंट्रोलर. त्या रविवारपासून आमच्या घरातली ‘हळू, हळू’ ही ओरड थांबली. डिस्क बदलायचं काम आता सात वर्षांची भाचीसुद्धा करते.

दोषही सांगायला हवेत. पंखा शांत असला तरी रात्री, घर झोपलेलं असताना, ऐकू येतोच. आकार मोठा आहे, व्हीसीआर पाहिलेल्यांना त्याची आठवण होईल. माझा ट्रे सुरुवातीला अडखळायचा. उघडून साफ करून थोडं ग्रीस लावल्यावर सुधारला, पण स्क्रू काढायला हात कचरत असेल, तर ही डोकेदुखी वाटू शकते. शिवाय या मशीन आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. लेन्स थकलेली असण्याची शक्यता फॅटमध्ये आहे, तशी स्लिममध्येही आहे.

लेन्स थकण्यावर मात्र फॅटपाशी एक उत्तर आहे. त्याच्या मागच्या पोकळीत, नेटवर्क अडॅप्टर लावला की, साडेतीन इंची हार्ड डिस्क बसते. अधिकृत डिस्क ४० जीबीची होती. हौशी लोक त्याहून मोठ्या वापरतात, नव्या, सॅटा पद्धतीच्या हार्ड डिस्कसाठी छोटा बोर्डही मिळतो. मी ५०० जीबीची बसवली आहे. स्वतःच्या गेमच्या डिस्क त्यात उतरवून ठेवल्या, आता मूळ डिस्क कपाटात सुरक्षित आहेत आणि लेन्सला विश्रांती आहे. अडचण एवढीच की नेटवर्क अडॅप्टर वेगळा शोधावा लागतो. कन्सोल विकणाऱ्याकडे तो असेलच असं नाही, म्हणून भाव ठरवण्याआधी विचारा.

स्लिममध्ये हा मार्ग जवळजवळ बंद होतो. पहिल्या ७०००० मालिकेत आत वायरी सोल्डर करून हार्ड डिस्क जोडणारे आहेत, ७५००० पासून तीही सोय गेली. यूएसबीवरून गेम चालतात, पण ते पोर्ट जुन्या १.१ वेगाचं, त्यामुळे गेममधले व्हिडिओ प्रसंग अडखळतात. गेम कॉम्प्युटरवर ठेवून नेटवर्कवरून चालवले तर छान चालतात, हे मी स्वतः करून पाहिलंय. फक्त त्यासाठी घरातला दुसरा कॉम्प्युटर चालू ठेवावा लागतो, आणि खेळायला बसायच्या आधी एवढी तयारी करणं मला जमलं नाही. तुमच्याकडे तसा कॉम्प्युटर कायम चालू असेल, तर माझी झाकणाची तक्रार तुमच्यापुरती बरीचशी मिटते, हे मान्य करतो.

स्लिमच घ्यायचा असेल तर ९०००० मालिका मोहात पाडते, कारण वीजपुरवठा आतच आहे आणि वेगळा अडॅप्टर सांभाळावा लागत नाही. पण मेमरी कार्डवरून होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर, चालवायचा बेत असेल तर सावध राहा. ते सुरू करून देणारं फ्री मॅकबूट ९०००० मधल्या उशिराच्या मशीनवर चालत नाही. ७५००० पासून आतली रचनाही बदलली, त्यामुळे काही मोजके जुने गेम तिथे अडतात. माझ्या मते ७०००० सर्वांत बिनधोक. त्याचा अडॅप्टर बाहेर असतो, आणि तो गेला तर तेवढाच बदलता येतो.

अमेरिकेतला कुणी नातेवाईक माळ्यावरचा फॅट देऊ करत असेल, तर आनंदाने घ्या, पण इथल्या सॉकेटमध्ये तसाच खुपसू नका. तो १२० व्होल्टचा असतो, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय तिथल्या कन्सोलवर इथल्या दुकानात मिळणाऱ्या पाल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या) डिस्क चालत नाहीत. मागच्या लेबलवर मॉडेल क्रमांकाचा शेवटचा आकडा बघा. साधारणपणे १ म्हणजे अमेरिका, ० म्हणजे जपान, ३ ब्रिटन, ४ युरोप.

दुकानात तपासताना एक डीव्हीडी गेम आणि एक निळ्या बुडाचा सीडी गेम, असे दोन्ही सोबत न्या. एक वाचून दुसरा न वाचणारी मशीन मी पाहिली आहे, आणि विकणाऱ्याने अर्थातच वाचणारा गेम लावून दाखवला होता. स्लिम असेल तर दहा मिनिटं खेळून डिस्क बाहेर काढा आणि उजेडात तिरकी धरा. लेन्सची चपटी केबल वर उचलली गेली असेल, तर ती डिस्कला घासते आणि गोल रेघ दिसते.

माझा स्लिम मी विकला नाही. दिवाळीत गावी जाताना तो बॅगेत कपड्यांच्या घडीत जातो. तिथे टीव्ही युनिट नाही, टीव्हीसमोर एक स्टूल आहे, आणि त्या स्टुलावर झाकण पूर्ण उघडतं. फॅट घरीच राहतो, कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सखाली.