जुन्या पीसीवर आयएसओ: व्हर्च्युअल ड्राइव्ह की 7-झिप?

एकाने विचारलंय, विंडोज एक्सपीवाल्या मशीनवर आयएसओ (सीडीतल्या डेटाची एका फाइलमधली नक्कल) आहे, व्हर्च्युअल ड्राइव्ह (खोटा सीडी ड्राइव्ह दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकू की सरळ 7-झिपने एक्स्ट्रॅक्ट करू, म्हणजे आतल्या फाइली फोल्डरमध्ये काढू? विंडोज 8 पासून माउंटची, म्हणजे आयएसओ सीडीसारखी उघडायची, सोय आतच आली, एक्सपी आणि 7 मध्ये ती नाही.

जागेचं बघाल तर 700 एमबीची आयएसओ फाइल एक्स्ट्रॅक्ट केली की साधारण तेवढीच जागा परत जाते, माउंटला जात नाही. मेहनत मात्र 7-झिपमध्ये कमी, ड्रायव्हरची (विंडोजला तो खोटा ड्राइव्ह ओळखायला लावणाऱ्या प्रोग्रॅमची) भानगडच नाही. आणि खरा त्रास ड्रायव्हरचाच असतो, माझ्याकडे एकदा ड्राइव्ह दिसायचा पण क्लिक केलं की डिस्क टाका म्हणायचा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, शेवटी आधीचं तसलंच दुसरं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं, रीस्टार्ट मारला, तेव्हा चाललं. दोन एकत्र ठेवूच नका.

पण जुने गेम सीडीच मागतात, फोल्डर दाखवून ऐकत नाहीत. त्यातलं म्युझिक ऑडिओ ट्रॅकमध्ये असेल तर आयएसओत ते येतच नाही, बिन-क्यूची (.bin आणि .cue अशा दोन फाइलींची) जोडी लागते.

नुसता सेटअप चालवायचाय, तर 7-झिप बास. सीडी मागणारा गेम असेल किंवा हार्ड डिस्क भरत आली असेल तर व्हर्च्युअल ड्राइव्हच घ्या.