डोंगरातले छोटे लग्न: पन्हाळा, आंबा, दाजीपूर की चांदोली?

कोल्हापुरात लग्न म्हटले की भावकी, पै-पाहुणे, तालमीतली मंडळी आणि पेठेतले शेजारी धरून हजार पान उठणे ही साधी गोष्ट मानली जाते. तरीही तीस-चाळीस जवळच्या माणसांत, शहराबाहेर डोंगरात, शांतपणे लग्न करावे असे वाटणारी मुले-मुली आता बऱ्याच घरांत आहेत, आणि त्यांचे हे वाटणे मला मनापासून पटते. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचे लग्न ठरले तेव्हा तिचीही हीच इच्छा होती, आणि जागा ठरवण्यापूर्वी आम्ही पन्हाळा, आंबा, दाजीपूर व चांदोली ही चारही ठिकाणे फिरून पाहिली. त्या फिरण्यातून एक गोष्ट मला पक्की कळली: जागा निवडताना निसर्ग कसा आहे हे नंतर पाहावे, विधी कोणता करायचा हे आधी ठरवावे. होम करायचा आहे, होमाशिवाय सत्यशोधक पद्धतीने लग्न करायचे आहे की विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या करायच्या आहेत, यावर चारपैकी दोन जागा बहुधा आपोआप बाद होतात.

हे असे का, ते कायद्यात आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत लग्नविधीसाठी रीतसर परवाना मिळतो, आणि तिथल्या कड्यांवर उभ्या असलेल्या जोडप्यांची छायाचित्रे पाहून आपल्याकडेही तसेच करता येईल असे अनेकांना वाटते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. या कायद्यात अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी द्यायचा ते मोजून सांगितले आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या लोकांशी असलेला कायदेशीर व्यवहार. राष्ट्रीय उद्यानालाही हीच तरतूद लागू आहे. लग्न या यादीत नाही. शिवाय जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती ठेवणे यावर त्याच कायद्यात बंदी आहे, आणि आपली लग्नसराई ऐन बहरात असते ते फेब्रुवारी ते मे हे महिने नेमके वणव्याचेही असतात. तेव्हा चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या किंवा दाजीपूर ज्यात येते त्या राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत होमकुंड पेटवून सप्तपदी घालण्याचा विचार मनातून काढून टाकावा. सह्याद्रीतल्या सड्यावरची, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावरची, वाळलेली कुसळे एका ठिणगीने किती दूरवर पेटत जातात हे ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला या नियमाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी कायदेशीर बाजू विवाहाची. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार वधू किंवा वर यांच्यापैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावा लागतो, आणि ज्यांच्या विधीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातव्या पावलाला पूर्ण होतो. नुसते प्रमाणपत्र घेतले आणि विधी केलाच नाही, तर ते लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘आधी कागद करून ठेवू, विधी पुढे कधीतरी डोंगरात करू’ हा बेत या कायद्याखाली चालणार नाही. ज्यांना विधी नको आहे त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते, नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करावे लागते आणि सह्यांसाठी तीन साक्षीदार लागतात. या कायद्यातली एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते, ती म्हणजे जादा शुल्क भरून, कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही हा विवाह लावता येतो. वाजवी म्हणजे किती, हे विवाह अधिकाऱ्याकडेच आधी विचारून घ्यावे. मात्र अधिकारी जिल्ह्याचा असतो, ही गोष्ट जागेच्या निवडीत महत्त्वाची ठरते.

आता पन्हाळा. शहरापासून सुमारे २० किलोमीटर, म्हणजे गुडघेदुखीने त्रासलेल्या आत्याबाईंनाही सकाळी नेऊन संध्याकाळी घरी परत आणता येते. गडावर वस्ती आहे, नगरपरिषद आहे, राहण्याची चांगली सोय आहे, लागलेच तर भटजींपासून फुलवाल्यापर्यंत सगळे तासाभरात शहरातून येऊ शकतात, आणि लग्न लागल्यावर नवरा-नवरीला जोतिबाच्या दर्शनाला नेणेही सहज जमते. ज्यांच्या घरात आजी-आजोबा आहेत आणि त्यांच्याशिवाय लग्न अशक्य आहे, त्यांनी पन्हाळ्याचाच विचार पहिल्यांदा करावा असे मी म्हणेन. पण तीन दरवाजा, सज्जा कोठी किंवा अंबरखान्यासमोर मांडव घालण्याची कल्पना कोणी मांडली, तर तिथल्या तिथे थांबवावी. या संरक्षित वास्तू आहेत. केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय तिथे स्वागतसमारंभ, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करता येत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्यांत पन्हाळाही आहे. परवानगीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी सिद्दी जौहरचा वेढा ज्या गडाने सोसला त्याच्या दरवाजात डीजे लावणे कोणत्याही कोल्हापूरकराला शोभणारे नाही. २०१९ मध्ये काही किल्ले हॉटेल आणि लग्नांसाठी देण्याची बातमी आली तेव्हा महाराष्ट्रभर जो संताप उसळला, तो मला रास्तच वाटला होता. लग्न गडावरच्या खासगी जागेत, अंगणात किंवा बागेत करावे, आणि वास्तूंना नमस्कार करायला पायी जावे. पन्हाळ्याची खरी अडचण आहे ती रविवारची. सुट्टीच्या दिवशी गडावर इतकी वाहने येतात की शांत लग्न हा मूळ हेतूच राहत नाही, म्हणून मुहूर्त मधल्या वारी मिळतो का ते पाहावे.

आंबा हे आम्ही शेवटी निवडलेले ठिकाण, त्यामुळे त्याबद्दल मी अधिक सांगू शकते. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, शाहूवाडी तालुक्यात, शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर हे गाव घाटमाथ्यावर आहे. पावनखिंड आणि विशाळगड याच मुलखात आहेत. आजूबाजूला दाट झाडी असली, तरी गावातल्या आणि शेतातल्या खासगी जमिनीवर लग्न करता येते, आणि हाच या जागेचा सर्वांत मोठा फायदा आहे: जंगल समोर दिसते, पण आपण जंगलाच्या हद्दीत नसतो. आमचे लग्न फेब्रुवारीत, एका शेतघराच्या शेणाने सारवलेल्या अंगणात, अडतीस माणसांत झाले. होमकुंड अंगणाच्या एका टोकाला, चहूबाजूंनी पत्रे लावून, शेजारी पाण्याची दोन पिंपे आणि ओली पोती ठेवून पेटवले. मंगलाष्टके सुरू झाली आणि दरीतून असा वारा सुटला की दोन्ही मामांच्या हातातला अंतरपाट शिडासारखा फुगला. शेवटी भाच्याच्या मित्रांनी त्याची खालची दोन टोके धरून ठेवली, तेव्हा कुठे नवरा-नवरी एकमेकांपासून झाकली गेली. अक्षता अर्ध्या अंगणात आणि अर्ध्या शेजारच्या नाचणीच्या रिकाम्या वावरात पडल्या. ते दृश्य आठवले की अजूनही माझ्या डोळ्यांत पाणी येते.

मात्र तिथे एक गोष्ट आमच्याकडून राहून गेली होती, आणि ती सांगणे मला आवश्यक वाटते. जागेचा मालक आम्हाला आदल्या संध्याकाळी अंगणामागच्या उंच झाडाखाली घेऊन गेला आणि वर बोट दाखवले. तिथे आग्या मोहोळ लागले होते. धूर आणि उग्र अत्तर यांनी आग्या माश्या बिथरतात, आणि एकदा उठल्या की माणसाला पळायला जागा राहत नाही. आम्ही होमाची जागा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याची दिशा पाहून हलवली आणि धूप पूर्ण बंद केला. डोंगरात लग्न करणाऱ्याने जागा ठरवण्यापूर्वी आजूबाजूची झाडे आणि कडे यांवर मोहोळ आहे का, हे गावातल्याच माणसाला विचारावे. शहरातून आलेल्या सजावटवाल्याला ते दिसत नाही. आंब्याच्या उणिवाही आहेत. मोबाइलची रेंज सगळीकडे सारखी नाही, वीज गेली तर जनरेटर लागतो, आणि कोणाची तब्येत अचानक बिघडली तर मोठ्या उपचारांसाठी कोल्हापूरच गाठावे लागते. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची एक पिशवी आणि रात्रभर थांबणारी एक गाडी या दोन गोष्टींवर काटकसर करू नये.

दाजीपूर मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे, पण लग्नासाठी मी ते सुचवणार नाही. १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलेले हे रान पुढे वाढून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेले राधानगरी धरण आणि लक्ष्मी तलाव वाटेतच लागतात. शहरापासून दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर आहे आणि अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते. इथे पर्यटक म्हणून, वन विभागाच्या नियमांत राहून जावे. ज्यांना विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र एक सुंदर पर्याय निघतो: सकाळी कोल्हापुरात सह्या, दुपारी घरी जेवण आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फक्त दोघांनी दाजीपूरच्या जंगलात जायचे. पहाटेच्या धुक्यात झाडीच्या कडेला उभा असलेला गवा, त्याचे पांढरे मोजे घातल्यासारखे पाय आणि आपल्याकडे रोखलेली नजर, एवढे पाहायला मिळाले तरी त्या दिवसाचे सोने होते. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला राधानगरी परिसरात काजव्यांनी झाडेच्या झाडे लखलखतात. त्या दिवसांत लग्न असेल, तर संध्याकाळचा कार्यक्रम ठेवायचा मोह आवरावा, कारण दिव्यांच्या माळा लावल्या की काजवे दिसत नाहीत आणि त्यांनाही त्याचा त्रास होतो.

चांदोलीबद्दल थोडक्यात सांगते. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले हे रान कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, आणि राधानगरी, कोयना व कास यांच्याबरोबर २०१२ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. वारणा धरणाचा वसंत सागर जलाशय, झोळंबीचा सडा आणि तिथली शांतता यांना या भागात तोड नाही. पण उद्यानात जाण्यासाठी वारणावती गाठावी लागते, आणि ती सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. म्हणजे कोल्हापूरच्या विवाह अधिकाऱ्याला तिथे बोलावता येणार नाही. लग्नाची जागा म्हणून ती यादीतून वगळावी, लग्नानंतरच्या सहलीसाठी जरूर ठेवावी.

सत्यशोधक किंवा बौद्ध पद्धतीने लग्न करणाऱ्यांना निवडीला अधिक वाव आहे, कारण त्यांना होम लागत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि शाहू महाराजांच्या पाठबळाने तो विचार कोल्हापुरात रुजला, त्यामुळे या पद्धतीने लग्न लावणारी जाणती माणसे आपल्याकडे आजही भेटतात. अशा लग्नाला एक चौरंग, दोन हार, प्रतिज्ञा आणि अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या एवढे पुरते. आंब्याच्या एखाद्या वावरात, वाऱ्यात, असे लग्न फारच शोभून दिसते.

घरच्यांच्या विरोधामुळे दोघांनीच लग्न करायचे ठरवलेल्यांना मात्र मी डोंगरात जा असे म्हणणार नाही. त्यांच्यासाठी निर्मनुष्य जागा सुरक्षित नसते. त्यांनी शहरात, वकिलाच्या सल्ल्याने आणि साक्षीदारांसह लग्न करावे. अशा जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण द्यावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिले आहेत. डोंगर पुढे आयुष्यभर आहेच.

जेवणाचा प्रश्न छोट्या लग्नात सोपा होतो. पन्हाळ्याला शहरातला आचारी सहज येतो. आंब्याला मात्र शहरातून शिजवून नेलेला मसालेभात पोचेपर्यंत मऊ पडतो, म्हणून तिथल्याच बायकांना स्वयंपाकाचे काम द्यावे असा माझा आग्रह आहे. आमच्या लग्नात गावातल्या चौघींनी नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, वरण-भात आणि गुळाची खीर केली होती, आणि जिलेबीची आठवण कोणालाही झाली नाही. पत्रावळ्या वापराव्यात, प्लॅस्टिकचे ग्लास आणू नयेत आणि उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये, नाहीतर रात्री रानडुकरे अंगणापर्यंत येतात.

आता निवड. घरात वयस्कर माणसे असतील आणि होम हवा असेल, तर पन्हाळा, मधल्या वारी. माणसे पन्नासच्या आत आणि एक रात्र राहायला तयार असतील, तर विधी कोणताही असो, आंबा. सह्यांचे लग्न असेल, तर ते कोल्हापुरात करून दाजीपूरला जावे. मुहूर्त शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीत धरावा. पावसाळी लग्नाचे आकर्षण मी समजू शकते, पण जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती, आणि पाहुणे गडावर अडकलेले लग्न कोणालाच नको असते. विधीने लग्न केले, तर नव्वद दिवसांच्या आत विवाहनोंदणीचा अर्ज द्यावा; भटजी किंवा विधी लावणारी व्यक्ती आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लग्नाच्या दिवशीच, सगळे एकत्र असताना, घेऊन ठेवाव्यात. आणि जागा नक्की करण्यापूर्वी, मुहूर्ताची जी वेळ असेल त्याच वेळेला, साधारण त्याच ऋतूत, एकदा तिथे जाऊन अर्धा तास उभे राहावे: ऊन कुठून येते, वारा कोणत्या बाजूने सुटतो आणि आजीची खुर्ची कुठे ठेवायची, हे तेवढ्या वेळात दिसते.